फील्डवर्कला कोणता छोटा लॅपटॉप न्यावा? आधी तीन वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा

‘फील्डला न्यायला छोटा आणि स्वस्त लॅपटॉप कोणता घेऊ? की सरळ टॅबलाच कीबोर्ड लावू?’ पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं की हा प्रश्न हमखास पडतो. त्यामागे पैशांचं गणितही असतं. यूजीसीची जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, आणि सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षं किरकोळ खर्चाला मिळतात वर्षाला १०,०००. तीही ज्यांना मिळते त्यांनाच. त्यामुळे घेतलेलं मशीन पटलं नाही म्हणून दोन महिन्यांत दुसरं घ्यायची सोय नसते.

मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण मॉडेल वर्षभरात बाजारातून जातात. निवडायची पद्धत मात्र टिकते. माझी पद्धत अशी, की लॅपटॉप चांगल्या दिवशी कसा चालेल हे बघायचंच नाही. चांगल्या दिवशी सगळेच चालतात. तीन वाईट दिवस धरायचे: वीज नसलेला, नेट नसलेला आणि पिशवी हरवलेला. या तिन्ही दिवशी जे मशीन निभावून नेईल, ते तुमचं.

पहिला दिवस: वीज नाही

जाहिरातीत ‘१२ तास बॅटरी’ लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून द्या आणि बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये किती आहे ते शोधा. ही झाली पाण्याची टाकी. मशीन किती वॉट खातं, तो झाला नळ. समजा बॅटरी ३८ वॉट-अवरची आहे आणि स्क्रीन अर्ध्या उजेडावर ठेवून नुसतं टायपिंग करताना मशीन ६ वॉट खातं. मग ३८ भागिले ६, म्हणजे साधारण सव्वासहा तास. त्याच मशीनवर व्हिडिओ कॉल लावला आणि खर्च १२ वॉटवर गेला, की उरले तीन तास. ‘१२ तास’ कुठून आले ते आता कळलं असेल: नळ अगदी बारीक ठेवून मोजलेले असतात.

दुसरं बघायचं ते चार्जिंगचं भोक. टाइप-सी पोर्ट आहे का, आणि त्यातून चार्जिंग होतं का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कारण काही स्वस्त लॅपटॉपना टाइप-सी पोर्ट असतो, पण तो फक्त डेटासाठी. चार्जिंग होत असेल तर फोन आणि लॅपटॉपला मिळून एकच चार्जर पुरतो, आणि पॉवर बँकही कामाला येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर. वाटेत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, तरी ३८ वॉट-अवरची बॅटरी एकदा पूर्ण भरून वर फोनलाही उरतं. फक्त ती पॉवर बँक लॅपटॉपला पुरेल एवढे वॉट देणारी हवी. निदान ३०, शक्यतो ४५. विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, पण ती हातातल्या सामानात ठेवावी लागते, चेक-इनच्या बॅगेत नाही.

जुन्या, गोल पिनच्या चार्जरवाल्या लॅपटॉपला यातलं काहीच साधत नाही. पहिली चाळणी इथेच लागते.

दुसरा दिवस: नेट नाही

आता बघा, तुमची सामग्री केवढी असते. एक तासाची मुलाखत चांगल्या दर्जाच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर रेकॉर्ड केली, तर ती साधारण ३१८ एमबी होते. ४० मुलाखती म्हणजे पावणेतेरा जीबी. अभिलेखागारात काढलेले २,००० फोटो, प्रत्येकी ४ एमबी धरले तर आणखी ८ जीबी. फार नाही वाटत. पण ६४ जीबीच्या विंडोज मशीनमध्ये विंडोज आणि त्याचे अपडेट मिळून जागेचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. म्हणून विंडोज घेणार असाल तर १२८ जीबीच्या खाली येऊ नका, आणि रॅम ८ जीबी हवी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, पण ती अट चालू होण्याची आहे, काम होण्याची नाही.

इथे ‘ईएमएमसी’ हा शब्द लक्षात ठेवा. स्वस्त छोट्या मशीनमध्ये एसएसडीऐवजी बऱ्याचदा हे स्टोरेज असतं. ते हळू असतं आणि बोर्डावरच डकवलेलं असतं, त्यामुळे पुढे बदलून मोठं करता येत नाही.

‘क्लाउडवर टाकू की’ असं वाटत असेल तर हे गणित करा. अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळाला, तर ३१८ एमबीची एक मुलाखत वर चढायला साधारण ४२ मिनिटं लागतात. दिवसाला तीन मुलाखती म्हणजे दोन तासांहून जास्त, तेही नेट मध्ये तुटलं नाही तर. म्हणून जे काही घ्याल ते नेटशिवाय पूर्ण चाललं पाहिजे: फाइल उघडणं, ऐकणं, टाइप करणं, शोधणं, सगळं.

टायपिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याला देवनागरीत लिहायचं असतं. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. टॅबवर मात्र बोटांनी काचेवर जसं मराठी उमटतं तसंच जोडलेल्या कीबोर्डवरून उमटेल असं गृहीत धरू नका. दुकानातच चार शब्द टाइप करून बघा: तऱ्हा, ॲप, ऑफिस, ज्ञानेश्वरी. ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ नीट आले तर निम्मी काळजी मिटली.

कीबोर्डचा आकारही बघा. नेहमीच्या कीबोर्डवर एका कीच्या मध्यापासून पुढच्या कीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. १० इंची टॅबच्या कीबोर्डवर ते कमी होतं आणि बोटं चुकत राहतात. ११.६ ते १२.५ इंचांच्या मशीनवर जवळजवळ पूर्ण आकार बसतो. आणि मागे स्टँड काढून उभे राहणारे टॅब टेबलावर छान दिसतात, पण एसटीच्या सीटवर मांडीवर ठेवून बघा. स्टँडला मागे टेकायला जागा लागते, गुडघे तेवढे लांब नसतात! बिजागरीवर पूर्ण उलटणारा लॅपटॉप मांडीवर नीट बसतो.

तिसरा दिवस: पिशवी हरवली

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि दुकानदार याबद्दल काही बोलत नाही. लॅपटॉप गेला तर नुकसान आपलं. पण त्यात कुणीतरी विश्वासाने सांगितलेलं असतं: घरातली मारहाण, सावकाराचं कर्ज, गावातल्या माणसांची नावं. ते दुसऱ्याच्या हातात पडलं तर नुकसान त्या माणसाचं. संमतीपत्रावर ‘माहिती गोपनीय राहील’ असं लिहून आपण सही घेतलेली असते. ते वचन पाळायचं तर दोन गोष्टी लागतात.

एक, एन्क्रिप्शन. म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी काही वाचता येऊ नये. आयपॅडला पासकोड ठेवला की हे आपोआप होतं, क्रोमबुकवरही होतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं. होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असतं, पण ते सगळ्या मशीनवर मिळत नाही, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ते चालू असल्याची खात्री करा. रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नको.

दोन, प्रती. नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. फील्डमध्ये याचा अर्थ असा, की रोज रात्री रेकॉर्डरमधून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह वेगळ्या बॅगेत. नेट मिळेल त्या गावी क्लाउडवर. हे जमलं की लॅपटॉप गेला तरी प्रबंध जात नाही. मशीन स्वस्त घ्यायची हिंमतही इथूनच येते.

मग घ्यायचं काय?

क्यूजीआयएस, एनव्हिवो किंवा आरवर काम असेल तर टॅब बाद. बजेट आखडतं असेल तर नवीन ‘छोटू’ लॅपटॉपपेक्षा रिफर्बिश्ड ऑफिस लॅपटॉप बघा. उदाहरणार्थ, २०१८ चा थिंकपॅड एक्स-२८०. स्क्रीन १२.५ इंच, वजन सव्वा किलोच्या आत, टाइप-सीवर चार्ज होतो, आणि इंटेलची आठवी पिढी असल्याने विंडोज ११ चालतं. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आठव्या पिढीआधीचा इंटेल लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी विचार करा. एक्स-२८० ची रॅम बोर्डावर डकवलेली असते, म्हणून ८ जीबीचाच घ्या. आणि कुठलंही जुनं मशीन घेताना दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आजची क्षमता मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

काम फक्त लिहिणं, वाचणं आणि पीडीएफ एवढंच असेल तर क्रोमबुक पुरतं. त्याचे अपडेट कधी बंद होणार ती तारीख ठरलेली असते. घेण्याआधी सेटिंगमध्ये बघून घ्या, कारण अपडेटची वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, तो प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात. टॅबच घ्यायचा असेल तर टॅब, कीबोर्ड आणि पेन या तिन्हींची बेरीज करून मगच किमतीची तुलना करा. वजनाचंही तसंच. २०१८ चा सरफेस गो नुसता ५२२ ग्रॅमचा, पण कीबोर्ड लावला की पाऊण किलोच्या पुढे.

पेनवरून आठवलं. ‘हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं’ असं सांगून पेनवाले टॅब विकले जातात. त्यामागे म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा गाजलेला अभ्यास आहे. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना आढळलं. २०२१ मध्ये हेदर अरी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः उतरवण्याचा भाग पुन्हा दिसला, पण गुणांमधला फरक दिसला नाही. थोडक्यात, एवढ्या पुराव्यावर पेनसाठी जादा पैसे मोजू नका. मुलाखत घेताना हाताने लिहायचं खरं कारण वेगळं आहे: उघडा स्क्रीन तुमच्या आणि समोरच्या बाईच्या मध्ये येतो, वही येत नाही.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर पाचच गोष्टी लिहा: बॅटरी किती वॉट-अवर, टाइप-सीवर चार्ज होतो का, स्टोरेज किती आणि कुठलं, एन्क्रिप्शन चालतं का, आणि ‘तऱ्हा’ टाइप होतं का. या पाचांची उत्तरं पटली की उरलेल्यांतून सगळ्यात स्वस्त उचला. वाचलेल्या पैशांतून पहिली खरेदी पेनड्राइव्हची करा.