विदर्भाचा उन्हाळा कसा मोजतात?
नागपूर, अकोला, चंद्रपूर इथल्या हवामान केंद्रांवर झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक असतात. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं केलं की त्या दिवसाची सरासरी निघते. भारतीय हवामान विभागाचा उन्हाळा मार्च ते मे. या ९२ दिवसांची सरासरी ही त्या केंद्राची.

खरी मेहनत पुढे. केंद्रं सारख्या अंतरावर नसतात. सरळ सरासरी काढली, तर जिथे केंद्रांची दाटी तिथल्याच हवेचा वरचष्मा राहतो, आणि मेळघाटातल्या थंड डोंगराळ पट्ट्यावर अन्याय होतो. म्हणून नकाशावर चौकोन आखून, जवळच्या नोंदींवरून प्रत्येकाचं तापमान ठरवतात आणि क्षेत्रफळानुसार सरासरी काढतात. तुलना होते ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी.