जुना कॉम्प्युटर, काळी खिडकी आणि अडकित्ता

घरातला विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी थोडं थांबा. मराठीच्या प्रोजेक्टसाठी तो अजून कामाचा आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सची सुरुवात झाली. त्यातलं ‘शेल’ म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी. तिथे चित्रं नाहीत, माउसचं कामही नाही, त्यामुळे कमी मेमरीतही ती चालते. विंडोजवर ही सोय ‘सिग्विन’ देतं. एक्सपीवर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती २.५.२.

समजा, बेळगाव-निपाणी भागातल्या बोलीवर लिहायचंय. घरातल्या मोठ्यांशी झालेल्या गप्पा तुम्ही पन्नास फाइलींत टाइप केल्यात. कन्नडमधून आलेला ‘अडकित्ता’ त्यांत कुठे कुठे आहे? एकेक फाइल उघडायची गरज नाही. ‘ग्रेप’ हा हुकूम, पुढे शब्द आणि फाइलींची नावं दिली, की फाइलीच्या नावासकट ती ती ओळ समोर येते.

पण ग्रेप अक्षराला अक्षर जुळवतं. ‘अडकित्ता’ शोधलात तर ‘अडकित्त्याने’ सुटतो. ‘अडकित्त’ एवढंच द्या, दोन्ही सापडतात. शाळेत पाठ केलेलं सामान्यरूप इथे उपयोगी पडतं बघा! मशीनला व्याकरण येत नाही, ते आपल्याला यावं लागतं.

दुसरी गंमत उभ्या रेघेची, म्हणजे ‘पाइप’ची. १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. एका हुकमाचं उत्तर ती पुढच्या हुकमाच्या हातात देते. ‘टीआर’ प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकतो, ‘सॉर्ट’ सारखे शब्द शेजारी आणतो, ‘युनिक’ ते मोजतो. सॉर्ट आधीच हवा, कारण युनिकला फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी ओळखता येतात. तरी ‘बेळगाव’, ‘बेळगावात’, ‘बेळगावला’ हे तीन वेगळे शब्द मोजले जातील. बेरीज आपणच करायची.

काही गोष्टी सांभाळा. फाइल साधी टेक्स्ट आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली हवी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर काहीच सापडणार नाही. खिडकीत जोडाक्षरं तुटलेली दिसली तरी घाबरू नका, फाइलीतला मजकूर शाबूत असतो. आणि एक्सपीची सुरक्षा अपडेट्स एप्रिल २०१४ मध्ये थांबलीत, म्हणून तो इंटरनेटला जोडू नका. सिग्विनसुद्धा दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणा.

शब्द किती वेळा आला हे शेल सांगेल. तो कोणी, कुणाला, कशासाठी म्हटला, हे त्या ओळी वाचूनच कळतं. शोधण्यात वाचलेला वेळ त्या वाचण्याला द्यावा.