दुव्यातले शब्द काय सांगतात

नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक शोधयंत्रांना त्यांचंच नाव विचारलं, तर पहिल्या दहा निकालांत स्वतःला शोधून दाखवणारं यंत्र एकच निघालं. ही नोंद स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या गूगल या शोधयंत्रावरच्या १९९८ च्या शोधनिबंधात केली आहे. तेव्हाच्या यंत्रांचा भर पानावरच्या मजकुरावर असे. साहजिकच पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा दडवून ठेवणाऱ्यांचं फावलं.

स्थळ बघताना मुलाकडचे काय सांगतात यापेक्षा शेजारीपाजारी काय म्हणतात याला आपण जास्त किंमत देतो. पेज आणि ब्रिन यांनी हेच केलं. एखाद्या पानाकडे कोणकोणती पानं दुवा देतात आणि त्या पानांचं स्वतःचं वजन किती, यावरून त्याची पत ठरवायची. हा पेजरँक. त्याचा गवगवा खूप झाला. त्याच निबंधातली दुसरी कल्पना मात्र मला तितकीच मोलाची वाटते.

दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो, ते शब्द त्यांनी दुवा देणाऱ्या पानाबरोबरच, दुवा जिथे जातो त्या पानाच्या खात्यावरही जमा केले. त्यांच्या २ कोटी ४० लाख पानांच्या संग्रहात असे २५ कोटी ९० लाख दुवे होते. याचा फायदा असा, की ज्यात एक अक्षरही मजकूर नाही असं चित्र किंवा यंत्राने अजून उघडलेलंही नाही असं पान, इतरांच्या शब्दांवरून सापडू लागलं. या ताकदीचा गैरवापरही झाला. २००३ मध्ये अनेकांनी ठरवून ‘मिझरेबल फेल्युअर’ (दारुण अपयश) या शब्दांवर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरील चरित्राचा दुवा दिला. त्या पानावर हे शब्द नव्हते, तरी ते शब्द शोधल्यावर गूगलवर तेच पान पहिलं येऊ लागलं. २००७ मध्ये गूगलने गणित बदलून हा प्रकार आटोक्यात आणला.

पानाची मांडणीही पेज आणि ब्रिन यांच्या यंत्राने बारकाईने टिपली होती. शब्द पानावर जितक्या वेळा येई, तितक्या वेळा दोन बाइटांची एकेक नोंद होई: शब्द कितव्या जागी आहे, कॅपिटल अक्षरांत आहे का आणि आकाराने केवढा आहे. मोठ्या किंवा ठळक अक्षरांना वजन जास्त. पण आकार मोजायचा तो त्याच पानावरच्या बाकीच्या मजकुराच्या तुलनेत. म्हणजे सगळंच पान मोठ्या अक्षरांत रंगवून हाती काही लागत नसे. आजची यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत, पण स्पष्ट शीर्षक, उपशीर्षकं आणि साधा मजकूर त्यांना आजही सोपा जातो.

मराठीत आपण इथे बरंच गमावलं आहे. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप झाला. डोळ्यांना ती सुंदर देवनागरी दिसते, यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरं. आजही महत्त्वाची सूचना फोटो काढून चढवली जाते, आणि ती नेमक्या शब्दांत शोधणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. ज्याने मेहनतीने ती लिहिली त्याच्यावर हा अन्याय आहे.

दुव्यांचंही तेच. कांद्याच्या रोपवाटिकेवर कुणी उत्तम माहिती लिहिलेली असते आणि तिच्याकडे नेणारा दुवा म्हणतो, ‘येथे क्लिक करा’. त्याऐवजी ‘कांद्याची रोपवाटिका कशी तयार करावी’ एवढंच लिहिलं, तर यंत्राला विषय कळतो. माणसांनाही. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने पानावरच्या दुव्यांची यादी काढून ऐकतात. प्रत्येक दुवा ‘येथे क्लिक करा’ असेल, तर ती यादी त्यांना काहीच सांगत नाही. चित्राचा दुवा असेल आणि त्यामागे पर्यायी मजकूर लिहिलेला नसेल, तर कित्येकदा फाइलचं नावच ऐकायला मिळतं.