फाईल बदलली, हे संपादकाला कसे कळते?

संगणकाच्या पडद्यावर एखादा लेख उघडून बसलेल्या मनुष्यास आपण प्रत्यक्ष फाईलच पाहत आहोत असे वाटते. वस्तुतः तो पाहत असतो तिची नक्कल. मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या कामी जो प्रोग्राम उपयोगी पडतो त्यास मजकूर-संपादक असे म्हणतात. वृत्तपत्राच्या संपादकाशी त्याचे नाते नाही. मात्र लेखकाचा मजकूर गहाळ करण्याचे सामर्थ्य दोघांपाशीही असते. हा संपादक फाईल उघडताना डिस्कवरील मजकूर एकवार वाचून स्मृतीत उतरवून घेतो, आणि तेथून पुढे मूळ व नक्कल यांच्या वाटा निराळ्या होतात. तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद पडली म्हणून घरच्या पेटीतील सात-बाराचा उतारा आपोआप बदलत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

एका फाईलीस एकच हात लागत असेल तोवर ह्यात काही बिघडत नाही. परंतु आज फाईलीला अनेक हात लागतात. प्रोग्राम लिहिणारा गिटसारख्या साधनाने एका आवृत्तीवरून दुसरीवर जातो, तेव्हा क्षणार्धात शेकडो फायली बदलतात. मांडणी नीटनेटकी करणारे साधन संपूर्ण फाईल नव्याने लिहून काढते. अशा वेळी जुनी नक्कल समोर ठेवून कोणी दोन ओळी सुधारल्या आणि ती जतन केली, तर त्या दोन ओळींबरोबर सगळाच जुना मजकूर नव्यावर जाऊन बसतो. संपादक सावध नसेल तर हे घडल्याचे कोणास कळतही नाही, आणि दुसऱ्याचे दिवसभराचे श्रम पुसले जातात.

ह्यावरील सर्वांत जुना उपाय म्हणजे वारंवार चौकशी करणे. प्रत्येक फाईलीबरोबर ती शेवटी कधी बदलली ह्याची वेळ नोंदलेली असते. संपादकाने ठरावीक अवधीने ती वेळ पाहावी, आणि पूर्वीपेक्षा निराळी आढळल्यास मजकूर पुन्हा वाचावा. १९८५ पासून प्रचारात असलेल्या ग्नू ईमॅक्स ह्या संपादकात अशा आपोआप ताजेपणाची सोय आहे, व तिचा मूळचा अवधी ५ सेकंदांचा आहे. म्हणजे एका फाईलीमागे मिनिटाला १२ फेऱ्या. शंभर फायली उघड्या असतील तर १,२००. त्यांतील बहुतेक फेऱ्या रिकाम्या हातांनी परततात. फायली दुसऱ्या यंत्रावर असल्यास प्रत्येक फेरीचे हेलपाटे जाळ्यावरून होतात, आणि बॅटरीवर चालणाऱ्या संगणकास विश्रांती म्हणून मिळत नाही. शिवाय वेळेच्या नोंदीवर सर्वस्वी विसंबताही येत नाही. फॅट ह्या जुन्या डिस्क-पद्धतीत ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या मापाने नोंदली जाते. एकाच मापात झालेले दोन बदल तीत वेगळे दिसत नाहीत.

दुसरा उपाय उलट दिशेचा आहे. फाईलीवर कोणीही लिहिले तरी ते लेखन ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातूनच जाते. मग चौकशीला जाण्यापेक्षा गाभ्यानेच वर्दी का देऊ नये? फ्रीबीएसडी ह्या प्रणालीत २००० साली केक्यू ही यंत्रणा आली. लिनक्समध्ये २००१ च्या २.४ आवृत्तीत डीनोटिफाय आली, पण ती ओबडधोबड निघाली. ज्या फोल्डरवर नजर ठेवायची तो सतत उघडा धरून ठेवावा लागे, त्यामुळे काढता येण्याजोगी डिस्क काढून घेणे अडून बसे. आणि नेमकी कोणती फाईल बदलली हे ती सांगत नसे. जॉन मॅकक्चन व रॉबर्ट लव्ह ह्यांनी सिद्ध केलेली आयनोटिफाय ही यंत्रणा २००५ च्या ऑगस्टमध्ये २.६.१३ आवृत्तीत दाखल झाली, आणि ह्या उणिवा दूर झाल्या. मॅकवर २००७ साली एफएसइव्हेंट्स आली. विंडोजची स्वतःची वेगळी सोय आहेच. ईमॅक्सने ह्या निरनिराळ्या यंत्रणांवर एकच सामायिक आवरण घालून २०१४ च्या २४.४ आवृत्तीपासून वर्दीचा उपयोग सुरू केला.

वर्दी मिळू लागली म्हणजे काम संपले, असा समज होणे स्वाभाविक आहे. खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते.

आयनोटिफायचा पहारा फाईलीच्या नावावर नसतो. तो असतो आयनोडवर, म्हणजे त्या नावामागील मूळ नोंदीवर. आता अनेक प्रोग्राम जतन करताना जुन्या फाईलीस हात लावीत नाहीत. नवा मजकूर दुसऱ्याच नावाने लिहावयाचा, आणि तो पूर्ण झाल्यावर त्यास जुन्याचे नाव द्यावयाचे, अशी त्यांची रीत असते. मध्येच वीज गेली तर निदान जुना मजकूर शाबूत राहावा हा त्यातील हेतू, आणि तो शहाणपणाचाच आहे. खुद्द ईमॅक्सही फाईल उघडल्यानंतर पहिल्यांदा जतन करताना सामान्यतः जुन्या फाईलीचे नाव बदलून तिला राखीव प्रत बनवितो, व मूळ नावाने नवी फाईल लिहितो. परिणाम असा की पहारेकरी जुन्या नोंदीमागे निघून जातो, आणि नव्या फाईलीवर कोणाचीच नजर राहत नाही. भाडेकरू घर सोडून गेला, शिपाई त्याच्याच मागे हिंडतो आहे, आणि खोलीत दुसरा राहावयास आला हे त्याच्या गावीही नाही! म्हणून लिनक्सवर ईमॅक्स फाईलीऐवजी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर पहारा बसवितो, आणि येणाऱ्या वर्द्यांतून आपल्या नावाची तेवढी निवडून घेतो.

वर्दी अवेळीही येते. लांबलचक फाईल तुकड्यातुकड्यांनी लिहिली जात असता पहिल्याच तुकड्याची वर्दी ऐकून संपादक धावला, तर त्याच्या हाती अर्धवट मजकूर पडतो. ह्यासाठी लेखन आटोपून फाईल बंद झाल्याची निराळी वर्दी आयनोटिफायमध्ये ठेविली आहे. वर्द्यांची रांगही अमर्याद नाही. तिच्यात मूळच्या मर्यादेनुसार १६,३८४ वर्द्या मावतात. त्यापुढील टाकून दिल्या जातात, आणि काही वर्द्या गळाल्या एवढेच कळविले जाते. त्या कोणत्या, हे ज्याचे त्याने हिंडून शोधावयाचे. ईमॅक्सला उलटीही काळजी घ्यावी लागते. सारखी वाढणारी नोंदवही समोर असेल तर वर्द्यांचा पाऊस पडतो. म्हणून एकदा मजकूर ताजा केल्यावर पुढील अडीच सेकंद तो नव्या वर्द्यांवर हालचाल करीत नाही.

जाळ्यावरील सामायिक डिस्कची गोष्ट निराळी. तेथे दुसऱ्या यंत्रावरून झालेले लेखन आपल्या यंत्राच्या गाभ्यातून जातच नाही, सबब त्याची वर्दीही येत नाही. येथे जुनी फेरीच कामास येते. ह्याच कारणाने ईमॅक्सने चौकशी सोडून दिलेली नाही. वर्दी आणि फेरी ही दोन्ही त्यात शेजारी शेजारी चालतात. जेथे वर्दीची सोय आहे तेथे फेरी थांबविण्याची मुभा २०२० च्या २७ व्या आवृत्तीत मिळाली, पण ती वापरणाऱ्याने स्वतः मागावी लागते.

राहता राहिला सर्वांत नाजूक प्रसंग. डिस्कवर फाईल बदलली आहे, आणि इकडे नक्कलेतही लेखकाने काही ओळी लिहिल्या आहेत, ज्या अद्याप जतन झालेल्या नाहीत. वर्दी अचूक आहे, वेळेवर आली आहे. तरी अशा वेळी मजकूर आपोआप ताजा करणे म्हणजे लेखकाच्या नव्या ओळी त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशा करणे होय. ईमॅक्स येथे स्वस्थ बसतो. जतन न केलेले बदल असलेल्या नक्कलेस तो आपण होऊन हात लावीत नाही. लेखक फाईल जतन करू लागला, की डिस्कवरील मजकूर बदलला आहे असे सांगून तो त्यास अडवितो व खरोखरच जतन करावयाचे काय, असे विचारतो. नक्कल व फाईल ह्यांतील फरक ओळीओळीने मांडून दाखविणारी आज्ञाही त्यात आहे. कोणती ओळ ठेवावी हे तो फरक पाहून लेखकाने ठरवावयाचे असते.