‘गुड’ म्हणू की ‘वेल’?
इंटरव्ह्यूत ‘आय स्पीक इंग्लिश गुड’ म्हटलं, की तिथेच इंग्रजी उघडं पडतं. हवं असतं ‘वेल’. का?

मराठीत ‘चांगली मुलगी’ आणि ‘ती चांगली गाते’, दोन्हीकडे ‘चांगली’च. इंग्रजीत मात्र नामाबद्दल सांगायचं तर ‘गुड’, क्रिया कशी होते ते सांगायचं तर ‘वेल’. म्हणून ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्ज वेल’.

आता गंमत बघा. स्मेल, टेस्ट, लुक ही क्रियापदं कर्त्याचाच गुण सांगत असतील, तर पुढे ‘गुड’. ‘द डॉग स्मेल्स गुड’ म्हणजे कुत्र्याच्या अंगाला छान वास येतोय. ‘स्मेल्स वेल’ म्हणजे त्याचं नाक तिखट!

आणि ‘हाऊ आर यू?’ला बोलताना ‘आय अ‍ॅम गुड’ चालतं बरं का. आजारातून उठल्यावर मात्र ‘वेल’च म्हणा.