शेक्सपिअर ठीक, थर्मोडायनॅमिक्स येतं का?

ऑफिसच्या कँटीनमध्ये टेक्निकलवाल्यांचं टेबल वेगळं आणि मार्केटिंग-एचआरवाल्यांचं वेगळं. ओळखीचं दृश्य ना? एकाचे विनोद दुसऱ्याला कळत नाहीत! नेमक्या याच दुराव्यावर ७ मे १९५९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या सिनेट हाऊसमध्ये एक जाहीर व्याख्यान झालं आणि वादाला जे तोंड फुटलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

वक्ते होते सी. पी. स्नो. शिक्षणानं वैज्ञानिक, नाव कमावलं कादंबरीकार म्हणून. थोडक्यात, दोन्ही टेबलांवर ऊठबस असलेला माणूस. साहित्यिक मंडळी वैज्ञानिकांच्या अडाणीपणाला हसायची. एकदोनदा स्नोसाहेबांनी विचारलंच, थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम किती जणांना सांगता येईल? सगळे गार! त्यांच्या मते हा प्रश्न म्हणजे ‘शेक्सपिअर वाचलाय का?’ असं विचारण्यासारखाच. (उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते, उलट कधीच नाही. एसीत विसरलेला तुमचा चहा हेच तर सांगत असतो.)

‘टू कल्चर्स’ हे नाव भलतंच गाजलं. १९६२ मध्ये केंब्रिजचेच समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी डाउनिंग कॉलेजात व्याख्यान देऊन स्नोंना असं सोलून काढलं की, कादंबरीकार म्हणूनही त्यांचं काही शिल्लक ठेवलं नाही. भांडण झकास रंगलं. पण त्या गडबडीत व्याख्यानाचा शेवटचा, चौथा भाग मागेच पडला. खरी गोम तिथे होती.

त्याचा विषय श्रीमंत आणि गरीब देश. कारखानदारी आलेले देश पुढे चाललेत, बाकीचे आहेत तिथेच. ही दरी आता गरिबांच्या लक्षात आलीय, त्यामुळे ती २००० सालापर्यंत टिकणार नाही, असं स्नो म्हणाले. उपाय? भांडवल आणि प्रशिक्षित इंजिनीअर. त्यांनी आशिया-आफ्रिकेत जावं, साहेबी थाट न करता बरोबरीनं काम करावं, येतं ते शिकवावं आणि निघून यावं. व्याख्यानाला आधी ‘श्रीमंत आणि गरीब’ हेच नाव द्यायचं होतं, ते बदललं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्यांनी १९६३ मध्ये लिहिलं.

२००० साल आलं आणि गेलं. दरी काही बुजली नाही. इंजिनीअरांची वाहतूक मात्र उलट्या दिशेनं झाली. वायटूकेच्या त्या दिवसांत आपल्याच पोरांनी बॅगा भरून तिकडची विमानं पकडली.

व्याख्यानाचं पुस्तक छोटंसं आहे, एका विकेंडला सहज संपेल. फक्त चौथा भाग आधी वाचा.