घारापुरीची सहल : रविवार की दशमी?

(द्वितीय वर्ष, कला)

सहल काढायची म्हटली की आपल्या वर्गात दोन प्रश्न आधी निघतात. वर्गणी किती आणि रविवार कोणता? कर्नाळ्याला किंवा माथेरानला जायचे असेल तर एवढ्यावर भागते, कारण तिकडचा रस्ता सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळीही असतो. पण जी वाटच दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा आटते, तिच्यावरून जायचे झाले तर आधी तिला विचारावे लागते. घारापुरीची वाट अशी आहे.

यंदा आपल्यापैकी काही जणांनी समुद्रमार्गे घारापुरीला जाण्याची कल्पना मांडली आहे. मी कोळीवाड्यातली, आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे "तांडेल तुमच्या ओळखीचा असेल, होडीचे तूच बघ" असे सर्वांनी मला सांगून टाकले. त्या निमित्ताने घरी जे विचारले आणि भूगोलाच्या पुस्तकात जे पुन्हा उघडून पाहिले, ते येथे एकत्र मांडत आहे.

प्रथम बेटाविषयी थोडेसे. घारापुरी मुंबईची, असे पुष्कळांना वाटते, कारण बहुतेक प्रवासी गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराच्या बोटीने तेथे जातात. प्रत्यक्षात ती आपल्या रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे आणि पनवेलपासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आतच आहे. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. तिन्ही नावांत 'बंदर' आहे, यावरूनच येथील लोकांचे आयुष्य कशाशी बांधलेले आहे ते कळते. पोर्तुगीजांनी येथे एक दगडी हत्ती पाहिला आणि बेटाला एलिफंटा म्हटले. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला. पुढे जोडलेला हा हत्ती आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या येथील लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. मात्र गावांत वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले, तीही समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेने.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात त्याने शेकडो नौकांनिशी पश्चिम समुद्रावरील 'पुरी' नगरीवर स्वारी केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही अभ्यासक मानतात. काही जण राजापुरीचे नाव घेतात. ती कोणतीही असो, त्या आरमारालाही भरती पाहूनच निघावे लागले असणार.

तिथीची पाऊणपट

आमच्या आजोबांची उमेद शिडाच्या मचव्यावर गेली. पनवेल बंदरातून भात-मीठ भरून मचवे मुंबईला जात, त्या काळाचा शेवट त्यांनी पाहिला. घरात कोणी प्रवासाचे बोलू लागले की ते तारीख विचारत नाहीत. "तिथ कंची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लहानपणी मला वाटे, हे उपासापुरते असेल. पण तो पाण्याचा प्रश्न होता.

त्यांचा हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. एका भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती.

यामागचे कारण भूगोलाच्या पुस्तकात सापडते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे जास्त लागतात, म्हणून भरती रोज तितकी उशिरा येते. आपल्या बंदरात पौर्णिमेला व अमावास्येला भरती बाराच्या सुमारास असते. तेथून पंधरा तिथींत ती बारा तास सरकून पुन्हा बारावर येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. ४८ ऐवजी ४५ धरली की पाऊण तास होतो आणि हिशेब तोंडी करता येतो. सोडलेली तीन-तीन मिनिटे मात्र साठत जातात. दशमीपर्यंत त्यांचा अर्धा तास होतो. म्हणूनच दशमीची भरती साडेसात निघाली तरी आजोबा "आठ धर" म्हणतात. खाडीत आत पाणी आणखी थोडे उशिरा चढते.

भरती किती वाजता हे जसे पाहायचे, तसेच ती किती मोठी हेही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा हा फरक सुमारे निम्म्यावर येतो. वेळ तितकाच आणि पाणी दुप्पट, म्हणून उधाणाच्या दिवशी ओढ जोराची असते आणि ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो.

मतलई वाऱ्याने जावे, खाऱ्या वाऱ्याने यावे

खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा, हा प्रश्न आपण सर्वांनीच शाळेत सोडवला आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत येते. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ते मतलई वारे. परीक्षेत याचे गुण मिळतात. शिडाच्या होडीवर याचीच मजुरी मिळत असे.

पनवेलहून घारापुरी पश्चिमेला आहे. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत मतलई वारा पाठीशी असतो. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तो घराकडे लोटतो. आता याला भरतीची जोड द्या. सकाळी आठला पूर्ण भरती असेल तर ओहोटी सुरू होताच निघावे. पाणी समुद्राकडे, वाराही समुद्राकडे. वारा मनासारखा असेल तर तीनेक तासांत बेट. सव्वादोनच्या सुमारास ओहोटी संपते, पाणी पुन्हा आत येऊ लागते, खारा वाराही तोवर धरतो. दोघांच्या जोरावर दिवे लागायच्या आत परत. असा दिवस म्हणजे दशमी, किंवा तिच्या मागचा-पुढचा एखादा दिवस. त्यातही शुद्ध दशमी बरी. परतायला उशीर झालाच तर चंद्र आधीच चांगला वर आलेला असतो.

याउलट पौर्णिमा घ्या. चांदणे पाहायला म्हणून आपण सर्वजण हाच दिवस सुचवू. त्या दिवशी सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, म्हणजे निघायच्या वेळी होडी चिखलात. मग दुपारपर्यंत चढते पाणी अंगावर घेत जायचे आणि तीन वाजता परत निघालो तर उतरते पाणी अंगावर घेत यायचे. घरी पोहोचायच्या वेळी पुन्हा ओहोटी आणि चिखल. माणसे तीच, होडी तीच, अंतर तेच. फक्त तिथी चुकली.

शीड गेले, हिशेब उरला

कोणी म्हणेल, आता शिडाची होडी आहेच कुठे? खरे आहे. यंत्रे आली आणि मचवे गेले. पनवेलच्या खाडीत गाळ भरला. आज तिच्यावर पूल आहेत, रेल्वे आहे, काठाला विमानतळ आहे. आपली सहल निघाली तर ती एसटीने उरणला आणि मोरा बंदरातून यंत्राच्या बोटीने जाईल, असाच विचार आहे.

पण यंत्रामुळे चंद्राची सत्ता संपली असे समजू नये. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीच्या वेळी भाऊच्या धक्क्याच्या बोटी काही तास बंद ठेवाव्या लागतात. इंजिन कितीही जोराचे असले तरी ते चिखलात चालत नाही. म्हणजे निघताना आणि परतताना बंदरात पाणी हवे, आणि ओहोटीचा वेळ आपण बेटावर लेणी पाहण्यात घालवावा. पुन्हा हिशेब केला तर उत्तर तेच येते. दशमीला सकाळी नऊला पाणी असते, संध्याकाळी पाचला पुन्हा चढलेले असते, आणि मधली ओहोटीही भांगाची, म्हणून फार खोल जात नाही. शिडासाठी काढलेले उत्तर इंजिनालाही लागू पडते, याचे मला फार नवल वाटले.

सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळा वर्ज्यच. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला असा रविवार शोधावा की ज्याच्या आसपास दशमी आहे. भिंतीवरच्या कोणत्याही दिनदर्शिकेत तो पाच मिनिटांत सापडतो. पाऊणपटीचा हिशेब मात्र अंदाजाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके छापतो. दिवस नक्की करताना ती पाहावीत आणि आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा ऐकावा.

माणसे किती, होडी केवढी

आता ज्या भागावर मला सर्वात जास्त सांगायचे आहे तो. आपल्या सहलीत नेहमी आयत्या वेळी चार नावे वाढतात. एसटीत ती चौथ्या माणसाला सरकवून बसतात. होडीत सरकायला जागा नसते.

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी बाजू बदलू लागले आणि ती उलटली, असे वर्णन वाचायला मिळते. आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत ती अमावास्या अजून विसरलेली नाही. आणि जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावे तर १८ डिसेंबर २०२४ आहेच. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जणांचा जीव गेला. त्या दिवशी समुद्र शांत होता, हंगामही चांगला होता. आपली तिथी बरोबर असली तरी पाण्यावर दुसरेही असतात, हे त्या दिवसाने शिकवले. आपल्या वाटेवर तर न्हावा-शेवा बंदराची मोठमोठी जहाजे आहेत.

म्हणून काही गोष्टींवर वाद नको. प्रवासी नेण्याचा परवाना असलेलीच बोट घ्यावी. ओळखीच्याची मासेमारीची होडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, मग ती माझ्या काकांची का असेना. परवान्यावर जितकी माणसे लिहिली असतील त्याहून एकही जास्त नको. जास्त झाली तर दुसरी बोट, नाहीतर दुसरा दिवस. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने चढण्यापूर्वी अंगात घालावे. बाकाखाली ठेवलेले जाकीट वेळेला हाती लागत नाही. नावांच्या यादीच्या दोन प्रती कराव्यात, एक प्राध्यापकांजवळ आणि एक किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाजवळ. फोटोसाठी सर्वांनी एका बाजूला जाऊ नये. होडीचे वजन जितके तळाशी, तितकी ती स्थिर. माणसे उभी राहिली की ते वजन वर चढते आणि एका बाजूला गेली की होडी त्या बाजूला झुकते. ज्याला पोहता येत नाही त्याने ते सांगायला लाजू नये.

बेटावर पोहोचल्यावरचे फारसे सांगायला नको. धक्क्यापासून चालत किंवा छोट्या गाडीने पायथ्याशी जावे, सुमारे १२० पायऱ्या चढाव्यात, खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळावी आणि सदाशिवाच्या त्या तीन मुखांसमोर थोडा वेळ न बोलता उभे राहावे. कचरा आपल्याबरोबर परत आणावा, कारण बेटावर टाकलेले शेवटी आमच्याच जाळ्यात येते.

शेवटचा शब्द कोणाचा?

आपल्या मंडळात सर्व काही मतांनी ठरते आणि ते योग्यच आहे. दिवस, वर्गणी, जेवण सगळे मतांनी ठरवू. पण वर्गणी जमली, डबे भरले, साठ जण पहाटे धक्क्यावर येऊन उभे राहिले आणि तांडेल आकाशाकडे पाहून "आज नको" म्हणाला, तर मत घ्यायचे नाही. कोणी "सरांनी परवानगी दिली आहे" म्हणायचे नाही, कोणी "जास्त पैसे देतो" म्हणायचे नाही. वर्गणी परत देण्याची सोय आधीच करून ठेवली म्हणजे 'नको' ऐकणे सोपे जाते. सहलीच्या जमाखर्चात ही पहिली ओळ असावी असे मला वाटते.

हे लिहिण्याचे एक कारण आहे. शाळा सुटलेल्या माणसाला काय कळते, असा सूर आपल्याकडे नकळत लागतो. मीही आता पुस्तके वाचते, म्हणून घरचे लोक मलाच विचारतात की पुस्तकात काय लिहिले आहे. मी त्यांना चंद्राचे कारण सांगितले, तेव्हा आजोबांना आनंद झाला. पंधरा तिथींत बारा तास कसे सरकतात ते त्यांनी दोनदा समजून घेतले. मात्र आजचे पाणी जाण्यासारखे आहे की नाही, हे अजून त्यांनाच कळते. पुस्तकाने कारण द्यावे आणि तांडेलाने निकाल द्यावा, अशी वाटणी झाली तर आपली सहल सुखाने जाईल आणि सुखाने परत येईल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सभेला येताना दिनदर्शिका घेऊन या. रविवार आपण शोधू. पण आधी तिथ कंची ते बघू.